विद्वान कोणाला म्हणायचं आणि शहाणा कोणाला?

दापोली-गुहागर पट्ट्यातल्या एखाद्या वाडीत तासभर गप्पा ऐकत बसलं की माणसांची वर्णनं करताना दोन शब्द हमखास कानावर येतात. "त्यांचे काका म्हणजे गाढे विद्वान, वाईला राहून शास्त्र शिकलेले." आणि "तिचं ऐक हो, ती शहाणी बाई आहे." दोन्ही वाक्यं आदराची. शब्दकोश उघडला तर दोन्ही शब्दांपुढे सुज्ञ, जाणता, बुद्धिमान असे एकमेकांत मिसळून गेलेले अर्थ सापडतात. पण या दोन वाक्यांत शब्दांची अदलाबदल करून पाहा. "तिचं ऐक, ती विद्वान बाई आहे" म्हटलं की सल्ल्यातला जिव्हाळा गेला, त्या जागी अधिकार आला. आणि काकांना "मोठे शहाणे" म्हटलं, तर ते ऐकून काकांच्या घरचे उठून निघून जातील.

म्हणजे मराठी बोलणाऱ्या प्रत्येकाला हा फरक ठाऊक आहे, फक्त तो शब्दांत मांडायची वेळ फारशी येत नाही. तो मांडायला हवा असं मला मनापासून वाटतं, कारण या फरकाच्या आडोशाने आपण कोकणात, आणि एकूणच महाराष्ट्रात, बऱ्याच जणांवर आणि विशेषतः बऱ्याच जणींवर अन्याय करत आलो आहोत. तिथपर्यंत जायच्या आधी शब्दांची कुळी पाहू.

'विद्वान' हा शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आला. मूळ धातू 'विद्', म्हणजे जाणणे. वेद, विद्या, विद्यार्थी, वैद्य ही सगळी त्याच घरातली मंडळी. पाणिनीने या एका रूपासाठी स्वतंत्र सूत्रच दिलं आहे, 'विदेः शतुर्वसुः'. त्याचा सोपा अर्थ असा की 'जाणत असलेला' हे सांगायला या धातूला नेहमीच्या प्रत्ययाऐवजी 'वस्' असा वेगळा प्रत्यय लागू शकतो, आणि त्यातून 'विद्वस्' हे रूप तयार होतं. पुल्लिंगी 'विद्वान', स्त्रीलिंगी 'विदुषी'. पुस्तकं, परीक्षा, पदव्या यांचा मुळात काही संबंध नव्हता. जो जाणतो तो विद्वान, एवढंच.

'शहाणा' मात्र लोकांच्या तोंडात घासून गुळगुळीत झालेला शब्द आहे. त्याचं मूळ 'सज्ञान'. ज्ञानासह असलेला तो सज्ञान. प्राकृतात 'ज्ञ' हे जोडाक्षर टिकत नाही. त्याचा ज किंवा ण होतो. 'राज्ञी'ची राणी झाली, 'यज्ञोपवीता'चं जानवं झालं, तसाच सज्ञानचा हळूहळू शहाणा झाला. हिंदीतला सयाना, गुजरातीतला शाणो आणि मालवणी-कोंकणीतला शाणो ही त्याचीच भावंडं. गंमत अशी की मूळचा 'सज्ञान'ही आपल्याकडे जिवंत आहे, पण तो गेला कायद्याच्या दप्तरात. 18 वर्षं पूर्ण झालेली व्यक्ती सज्ञान. म्हणजे एकाच शब्दाची दोन रूपं आज वेगवेगळ्या खोल्यांत राहतात. सज्ञान व्हायला जन्मतारखेचा दाखला पुरतो, शहाणं व्हायला तो पुरत नाही.

व्युत्पत्तीवरून अर्थ ठरवण्याची घाई करू नये, हे सांगायला इथे आणखी एक गोष्ट उपयोगी पडेल. इंग्रजीतल्या 'विझ्डम'चं मूळ आणि आपल्या 'विद्'चं मूळ भाषाशास्त्रज्ञांच्या मते एकच आहे, आणि 'नॉलेज'चं मूळ आपल्या 'ज्ञा'शी जुळतं. नात्याने पाहिलं तर विझ्डमचा भाऊबंद विद्वान, आणि नॉलेजचा शहाणा. वापर मात्र नेमका उलटा. शब्दाचा अर्थ त्याच्या जन्मापेक्षा त्याच्या वापरात असतो. म्हणून आता वापराकडे वळू.

अर्थ तपासायची एक सोपी युक्ती म्हणजे विरुद्धार्थी शब्द शोधणे. विद्वानाच्या विरुद्ध कोण? अडाणी, अशिक्षित, फार तर अज्ञ. शहाण्याच्या विरुद्ध कोण? वेडा. मालवणीत येडो. हा फरक फार मोठा आहे. विद्वत्तेचं मोजमाप शिक्षणाच्या पट्टीवर होतं, शहाणपणाचं भानाच्या पट्टीवर. आपण कुठे आहोत, समोर कोण आहे, काय चाललं आहे, आपलं एक पाऊल पुढे पडलं तर काय होईल, याचं भान असलेला तो शहाणा. ते सुटलेला तो वेडा. म्हणूनच आजारातून बरं होऊन माणूस ताळ्यावर आला की आपण "वेड्याचा शहाणा झाला" म्हणतो, "वेड्याचा विद्वान झाला" असं कोणी म्हणत नाही. आणि म्हणूनच दोन वर्षांच्या बाळालाही "शहाणं बाळ ते" म्हणता येतं. त्याला अजून अक्षर माहीत नाही, पण भर पंगतीत ते रडत नाही.

दुसरी युक्ती विशेषणांची. विद्वान गाढा असतो, प्रकांड असतो. ही खोलीची आणि आकाराची विशेषणं झाली. विद्वत्ता साठते, वाढते. जास्त विद्वत्ता म्हणजे जास्त मान. शहाणपणाला ही वाढ मानवत नाही. जास्त झालं की ते बिघडतं. अतिशहाणा ही शिवी, दीडशहाणा त्याहून मोठी. 'अति शहाणा त्याचा बैल रिकामा' ही म्हण सगळ्यांना पाठ आहे. 'दीडविद्वान' हा शब्द मराठीने घडवलाच नाही, कारण त्याची गरज पडली नाही. शहाणपण हे मापात असण्याचंच नाव आहे. माप ओलांडलं की तोच शब्द उलटतो. सिंधुदुर्गात "लय शाणो आसा" हे वाक्य कौतुकाचं की टोमण्याचं, ते बोलणाऱ्याच्या स्वरावरूनच कळतं.

तिसरा फरक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. विद्वान माणूस खोलीत एकटा बसला तरी विद्वान असतो. त्याने आज काही केलं नाही तरी त्याची विद्या कुठे जात नाही. शहाणपण दिसायला प्रसंग लागतो. 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' ही म्हण त्या दृष्टीने पाहावी. तिथे वाट आहे, चालणं आहे, दुसऱ्याला लागलेली ठेच आहे, आणि ती पाहून आपलं पाऊल बदलणं आहे. पाऊल बदललं नाही तर ठेच पाहिली असूनही मागचा शहाणा ठरत नाही.

समुद्राचं उदाहरण घेतो, कारण किनाऱ्यावर ते रोज डोळ्यांसमोर असतं. भरती-ओहोटीचं शास्त्र शिकलेला माणूस सांगेल की पाण्याला चंद्राची आणि सूर्याची ओढ असते, भरती आणण्यात सूर्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी. अमावास्येला आणि पौर्णिमेला दोघांची ओढ एका रेषेत येते, तेव्हा पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. ते उधाण. अष्टमीच्या सुमारास दोघे काटकोनात असतात, तेव्हा चढ-उतार कमी. तो भांग. चंद्र पृथ्वीभोवती पुढे सरकत असल्यामुळे भरती रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा येते, आणि आपल्या किनाऱ्यावर दिवसातून साधारण दोनदा येते. हे सगळं जाणणं ही विद्या आहे, आणि ती थोर विद्या आहे. किनाऱ्यावरच्या लोकांनी हजारो वर्षं पाहिलेल्या गोष्टीचं कारण तिने सांगितलं.

किनाऱ्यावर दुसरी एक रीत चालते. तिथी घ्यायची, तिला पाऊणने गुणायचं, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, म्हणून भरती तीनच्या आसपास, दुपारी आणि पहाटे. अष्टमीला सहा. पौर्णिमेला अकरा-बाराच्या दरम्यान. पाऊण तास म्हणजे 45 मिनिटं, आणि रोजचा उशीर साधारण तेवढाच, म्हणून हिशोब जमतो. ज्याने हा हिशोब पहिल्यांदा बांधला तो खगोल शिकलेला होता की नव्हता कोण जाणे, पण त्याच्या हाती पंचांग होतं आणि समोर पाणी.

आता पाहा, हा पाढा पाठ असणं म्हणजेही शहाणपण नव्हे. तीही विद्याच, फक्त तोंडी आलेली. मुंबईला जमणारा हिशोब दक्षिणेकडे जाताना थोडा चुकतो, तिकडे भरती जरा आधी येते. शिवाय खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा साचलेला असतो, तो दरवर्षी जागा बदलतो. वारा समोरून असेल तर लाट कुठे फुटणार ते बदलतं. होडीत माल किती, बरोबर कोण, त्यातला एखादा पहिल्यांदाच दर्यावर आलेला आहे का, हे सगळं धरून "आज अर्धा तास थांबू या" असं जो तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, म्हणतो, तो शहाणा. त्याने पाढा वापरला, पाढ्यावर भिस्त ठेवली नाही. शास्त्रज्ञालाही हे करता येतं, त्याला ती होडी चालवायला लागली तर. शहाणपण शाळेत न गेलेल्यांचीच मिरास आहे, असं मुळीच नाही.

हे मी ठासून सांगतो, कारण आपल्याकडे या दोन शब्दांची कुस्ती लावायची फार हौस आहे. एका बाजूला पुस्तकी पंडित, दुसऱ्या बाजूला अनुभवी शहाणा, आणि जिंकणार नेहमी शहाणा, हे आधीच ठरलेलं. पंचतंत्रातली सिंहाची गोष्ट त्यासाठी सांगतात. तीन विद्वान मित्र मेलेल्या सिंहाची हाडं जोडतात, त्यावर मांस-कातडं चढवतात, आणि त्यात जीव घालायला निघतात. चौथा अशिक्षित पण शहाणा. तो म्हणतो, थांबा, मला आधी झाडावर चढू द्या. पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. 'विद्येपेक्षा बुद्धी श्रेष्ठ' असा श्लोकही तिथे आहे.

पण पंचतंत्राच्या त्याच भागात, पाचव्या तंत्रात, दुसरी गोष्ट आहे, ती फारशी सांगितली जात नाही. तिथे शतबुद्धी आणि सहस्रबुद्धी नावाचे दोन मासे आहेत आणि एकबुद्धी नावाचा बेडूक. उद्या कोळी जाळी घेऊन येणार हे तिघांनाही कळतं. शंभर अकला असलेला मासा म्हणतो, भिऊ नका. हजार अकला असलेला म्हणतो, मी युक्तीने वाचवीन. बेडूक म्हणतो, मला एकच अक्कल आहे आणि ती सांगते, पळ. दुसऱ्या दिवशी दोघे मासे कोळ्याबरोबर गेले, बेडूक दुसऱ्या पाण्यात सुखरूप. पहिल्या गोष्टीतली सगळी वाहवा बुद्धीला होती. दुसरी गोष्ट त्याच बुद्धीला उत्तर म्हणून येते. अनुभवाचा आणि हुशारीचा गर्व विद्येच्या गर्वाइतकाच माणसाला बुडवतो, हे त्या ग्रंथकाराला चांगलं ठाऊक होतं.

कोकणाने ते भोगलं आहे. पावसाळा सरला, दिवाळी झाली की दर्या निवतो, हा पिढ्यांचा अनुभव. 2009 च्या नोव्हेंबरात, 11 तारखेला, फयान चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आलं, तेव्हा होड्या समुद्रात होत्या आणि अनेक घरांतली माणसं परत आली नाहीत. अरबी समुद्राचं तापमान, कमी दाबाचं क्षेत्र, वादळाचा मार्ग हे सगळं वाडवडिलांच्या आठवणीत नव्हतं आणि असणं शक्यही नव्हतं. ते सांगायला हवामानशास्त्र शिकलेले लोकच लागतात. आज हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेकडून समुद्र किती खवळेल याचा अंदाज येतो, उपग्रहांनी टिपलेलं पाण्याचं तापमान आणि हिरवेपणा पाहून मासळी कुठे मिळू शकेल तेही कळवतात. तो अंदाज मोबाइलवर वाचून होडी किनाऱ्याला बांधून ठेवणारा तरुण तांडेल हा विद्येचा उपयोग करणारा शहाणा आहे. जो म्हणतो "आम्हाला समुद्र शिकवू नका", त्याच्याकडे अनुभव असेल, शहाणपण त्या दिवसापुरतं तरी नाही.

कोर्टातही हे दोन शब्द समोरासमोर येतात. तिथली रूढ भाषा 'माझे विद्वान मित्र', 'विद्वान न्यायाधीश' अशी. बाहेर लोकांची म्हण 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये'. ज्या कोकणात एकाच सातबाऱ्यावर वीस-वीस नावं असतात, घर एकाचं, आवारातला माड दुसऱ्याचा आणि आंब्याचा मोहर धरायचा हक्क तिसऱ्याचा, तिथे ही म्हण का टिकली ते वेगळं सांगायला नको. पायरीच्या आत विद्येचं काम आहे, कायदा काय म्हणतो ते पाहण्याचं. चढायची की नाही, हा प्रश्न शहाणपणाचा. दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही.

मग शहाणा म्हणजे चांगला माणूस का? नाही, आणि इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांची यादी आठवा. पुण्याचे सखारामबापू बोकील, नागपूरकर भोसल्यांचे देवाजीपंत चोरघडे, निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर, हे तीन पूर्ण. नाना फडणवीस अर्धा. नाना म्हणजे आपल्या मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या भानू घराण्यातला, तेव्हा कोकणी माणसाला हा अर्धा हिशोब थोडा टोचतो. नानाला अर्धं का मोजलं याचं स्पष्टीकरण असं देतात की बाकीचे तिघे लेखणी आणि तलवार दोन्ही चालवणारे होते, नानाची फक्त लेखणी. स्पष्टीकरण कितपत खरं ते सोडा. लोकांच्या मनात शहाणपणाचं माप काय होतं, ते त्यातून कळतं. राजकारणाच्या प्रसंगात जे जे लागतं ते सगळं ज्याच्या हाती, तो पूर्ण शहाणा.

आणि त्या यादीतलं तिसरं नाव पाहा. विठ्ठल सुंदर हा मराठ्यांच्या शत्रूचा दिवाण. 1763 मध्ये राक्षसभुवनच्या लढाईत तो मराठ्यांशी लढताना मारला गेला. तरी मराठी लोकांनी त्याला शहाण्यांत मोजलं. शहाणा या शब्दात बाजू नाही, पुण्य नाही. संताला शहाणा म्हणणं अपुरं वाटतं ते याचमुळे. त्याच्यासाठी ज्ञानी हा शब्द लागतो, आणि तो शब्द वेगळ्याच लेखाचा विषय आहे.

विद्वानाच्या बाबतीत मात्र आपल्या परंपरेने चारित्र्याची अपेक्षा सोडली नाही. रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात आधी मूर्खाची लक्षणं सांगितली आणि त्याच दशकाच्या शेवटच्या समासात पढतमूर्खाची. पढतमूर्ख म्हणजे अडाणी नव्हे. तो बहुश्रुत आहे, ब्रह्मज्ञान स्वच्छ सांगतो, पण त्याच्यात हाव आहे आणि अभिमान आहे. मूर्खाला कळत नाही, पढतमूर्खाला कळतं आणि वळत नाही. हा ग्रंथ महाडजवळच्या शिवथरघळीत लिहिला गेला अशी परंपरा आहे, म्हणजे कोकणाच्या कुशीतच. रामदासांना विद्वानांचा शत्रू ठरवणारे लोक याच समासाचा दाखला देतात. ते एकोणिसावं दशक वाचत नाहीत. तिथे रामदास म्हणतात, आपल्याला जेवढं ठाऊक आहे तेवढं हळूहळू शिकवावं, 'शाहाणे करूनी सोडावे बहुत जन'. शिकवून काय करायचं? शहाणे करायचं. विद्या आत जाते आणि शहाणपण होऊन बाहेर येते, अशी त्यांची कल्पना होती. कुस्ती नव्हतीच.

आता त्या अन्यायाबद्दल. आमच्या आज्या-पणज्यांच्या पिढीतल्या बायकांना 'शहाणी' हा शब्द फार मिळाला. शहाणी सून, शहाणी जाऊ, मुलांना वाढवणारी शहाणी विधवा. घरात काय शिल्लक आहे ते न सांगता पंधरा पानं वाढणाऱ्या, वाळवण कधी काढायचं ते ढगांवरून ओळखणाऱ्या, मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरीवर चार महिन्यांचा पावसाळा रेटणाऱ्या त्या बायका खरोखरच शहाण्या होत्या. भान होतं, प्रसंग होता, निर्णय होता. शब्द त्यांना अगदी शोभत होता. पण 'विद्वान' हा शब्द त्यांच्या वाट्याला येण्याची सोयच नव्हती, कारण त्यांना शाळेत घातलं नव्हतं. आणि शाळेत न घातल्याची भरपाई म्हणून तो पहिला शब्द वारंवार दिला गेला. "शिकली नाही, पण किती शहाणी!" या वाक्यातला 'पण' मला नेहमी खटकतो. त्यात कौतुक आहे, आणि त्या कौतुकाखाली एक न दिलेला हक्क झाकलेला आहे.

त्यातही शहाणीचा अर्थ स्त्रियांच्या बाबतीत आक्रसला. मुलगी वयात आली की "शहाणी झाली" म्हणत. सज्ञान होण्याचा अर्थ तिच्या बाबतीत शरीरापुरता उरला. शहाणी सून म्हणजे उलटून न बोलणारी. पुरुषाचं शहाणपण डाव ओळखण्यात, बाईचं शहाणपण गप्प राहण्यात, अशी वाटणी होत गेली.

ही वाटणी जुनी आहे. बृहदारण्यक उपनिषदात आईवडिलांनी कोणतं अपत्य हवं असेल तर काय करावं याचे विधी आहेत. त्यात एक विधी 'आपली मुलगी पंडिता व्हावी' अशी इच्छा असणाऱ्यांसाठी आहे, तीळ घालून भात शिजवण्याचा. शब्द स्पष्ट आहे, पंडिता. पण शतकांनंतर त्यावर भाष्य करताना शंकराचार्यांनी लिहिलं की मुलीचं पांडित्य म्हणजे घरकामापुरतंच, कारण तिला वेदाचा अधिकार नाही. मूळ ग्रंथाने मुलीसाठी विद्वत्तेचा शब्द वापरला होता, भाष्याने त्या जागी घरचं शहाणपण बसवलं. एवढ्या मोठ्या प्रज्ञेच्या माणसाच्या हातून हे झालं, याचं वाईट वाटतं.

तो काढून घेतलेला शब्द परत मिळवणारी माणसं कोकणाशी जोडलेली आहेत, हे मला अभिमानाने सांगावंसं वाटतं. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि त्यांना 'पंडिता' ही पदवी दिली, या वेळी घरकामासाठी नव्हे. याच पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. तिथे शिकायला आलेली पहिली विधवा मुलगी म्हणजे गोदूबाई, देवरूखच्या जोशांची लेक. लहानपणीच लग्न झालेली आणि लहानपणीच कपाळ पांढरं झालेली. तिने शहाण्या विधवेसारखं कोपऱ्यात बसायचं नाकारलं आणि अक्षरं गिरवली. 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी तिच्याशी लग्न केलं. कर्वे दापोलीजवळच्या मुरूडचे, फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणारे. मुरूडने त्यांच्यावर बहिष्कार घातला. गावाच्या लेखी शिकलेल्या माणसाने वेडेपणा केला होता. कर्व्यांनी पुढे 1916 मध्ये स्त्रियांचं विद्यापीठ उभं केलं आणि 1958 मध्ये ते भारतरत्न झाले.

कर्व्यांना कोणता शब्द लावायचा? गणित शिकवत होते म्हणून विद्वान म्हणता येईल, पण गणितात त्यांच्याहून मोठे त्या काळी इतर होते. गावच्या व्याख्येने ते शहाणे नव्हते, कारण शहाणा माणूस गावाशी वैर घेत नाही. पण प्रसंगाचं भान हेच शहाणपण असेल, तर त्या काळाचा प्रसंग गावाला कळला नव्हता आणि त्यांना कळला होता. शहाणपण ठरवताना नजर किती लांबची धरायची, यावर हा शब्द कोणाला मिळणार ते ठरतं. गावाने उद्याची सकाळ पाहिली, कर्व्यांनी पुढच्या पिढ्या.

शुद्ध विद्वत्तेचं उदाहरण हवं असेल तर चिपळूणजवळच्या पेढे-परशुरामचे पांडुरंग वामन काणे. धर्मशास्त्राचा इतिहास लिहायला बसले, पहिला खंड 1930 मध्ये आला, पाचवा पूर्ण व्हायला 1962 उजाडलं. साडेसहा हजारांहून अधिक पानं. तेव्हा त्यांचं वय 82 होतं. 1963 मध्ये भारतरत्न. 'विद्वान सर्वत्र पूज्यते' हे सुभाषित अशा माणसाला तंतोतंत लागू होतं. त्यांची विद्या पेढ्यात, मुंबईत आणि जगाच्या दुसऱ्या टोकाच्या ग्रंथालयात सारखीच खरी. तांडेलाचं शहाणपण असं गाव सोडून प्रवास करत नाही. हर्णैच्या बंदरात ज्याचा शब्द शेवटचा, त्याला दुसऱ्या किनाऱ्यावर नव्याने पाणी शिकावं लागतं. यात कमीपणा कोणाकडेच नाही. एक ज्ञान जागा सोडून चालतं, दुसरं जागेला धरून असतं.

'विदुषी' हा शब्द आज बोलण्यात जवळजवळ उरला नाही. शास्त्रीय संगीतात तेवढा तो टिकला आहे, गायक पंडित आणि गायिका विदुषी. इतरत्र आपण 'विद्वान बाई' म्हणतो, तेही क्वचित. दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो आणि त्यात मुली मुलांच्या पुढे असतात. दर जूनमध्ये गावोगावी सत्कार होतात. भाषणांत मुलांना "पुढे मोठा अधिकारी हो" असा आशीर्वाद मिळतो आणि मुलीला अजूनही बऱ्याचदा "शहाणी पोर आहे, घरचं करून अभ्यास केला" असं म्हटलं जातं. घरचं केलं हे खरंच आहे, आणि ते कौतुकाचंही आहे. पण भौतिकशास्त्रात शंभरपैकी अठ्ठ्याण्णव तिने घरचं करून मिळवलेले नाहीत, भौतिकशास्त्र समजून घेऊन मिळवले आहेत. तेवढं व्यासपीठावरून बोललं गेलं, तर खाली बसलेल्या तिच्या धाकट्या बहिणीलाही ते ऐकू जाईल.